रुपरावांचं हूं

पहिल्या बरसीच्या सकाळी कावळ्यानं रुपराव भोयरांच्या नावाचा घास अर्ध्या मिनिटात उचलला, आणि तिथूनच चंद्रभानचं डोकं फिरलं. नंदनवनातल्या घराच्या गच्चीवर तो छत्री, स्टूल आणि वर्तमानपत्र घेऊन चांगला तासभर बसायच्या तयारीनं गेला होता. वडील जिवंतपणी कोणत्याच गोष्टीला इतक्या झटपट राजी झाले नव्हते. मुलीच्या, म्हणजे सिंधूच्या, लग्नाला हो म्हणायला त्यांनी अकरा महिने लावले होते, आणि हे घर बांधायला नऊ वर्षं. मेल्यावरच ही घाई कशाला, हे काही थोरल्या मुलाला पटेना.

कावळ्यावरून आदल्या दिवशी बोलणं झालं होतं, ही खरी भानगड. लहानू, म्हणजे चंद्रभानचा धाकटा भाऊ, ज्याला आता अख्खं नागपूर ओळखतं आणि ज्याच्यामुळे चंद्रभानला कुठंही गेलं तरी 'तुम्ही लहानू भोयरचे कोण?' असं विचारतात, त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं की घास लवकर उचलला गेला तर बाबांची हरकत नाही असं धरायचं. चंद्रभान तेव्हा गप्प बसला, कारण कावळा दुपारपर्यंत येत नाही अशी त्याची खात्री होती. आता तो जिन्यात उभा राहून, कावळा आलाच नाही असं सांगावं का, याचा विचार करत होता. पण रामटेकहून आलेली रंभाआत्या, वडिलांची धाकटी बहीण, अंगणातून सगळं पाहत होती आणि तिनं घरभर सांगूनही टाकलं होतं.

हरकत कशाची, ते सांगतो. येत्या रविवारी सीताबर्डीच्या रंगमंदिरात लहानूचा एकट्याचा नकलांचा कार्यक्रम होता आणि मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस तो ऐकायला येणार होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. रेकॉर्डच्या एका बाजूला लहानूची गाजलेली भाजीवाली, आणि दुसऱ्या बाजूला कोणी न ऐकलेलं काहीतरी. नवं नसेल तर रेकॉर्ड नाही, कारण अर्धी कोरी रेकॉर्ड कोणी विकत घेत नाही. लहानूपाशी नवं एकच होतं. त्याला बापाची नक्कल करायची होती.

नकला करून पोट भरणाऱ्यानं त्यासाठी घरच्यांना विचारायचं काय कारण, असं कोणी म्हणेल. तर तो भोयरांच्या घरचा नियम आहे, आणि खुद्द रुपरावांनी घातलेला. एकसष्ट साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, अठरा वर्षांचा लहानू बडग्याच्या, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीपुढे आरोळ्या देत होता. त्या दिवशी कोणाचंही नाव घेऊन काहीही ओरडायची मुभा असते. लहानूनं रेशनच्या दुकानदाराची नक्कल केली, तराजू धरायच्या ढबीसकट. ते तेव्हा राहत ती सगळी महाल वस्ती हसली. दुकानदार तेवढा हसला नाही, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या गल्लीला साखर आली नाही. गल्लीतल्या बाया दारात ठाण मांडून बसल्या तेव्हा रुपराव पहिल्यांदाच घरात तीन वाक्यं सलग बोलले. "ज्याची नक्कल करशील त्याले आधी दाखव. तो हसला तर बाहेर कर. नाही हसला तर विसरून जाय." याला घरात 'पास होणं' म्हणायला लागले.

लहानूनं हा नियम अठरा वर्षं पाळला, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. पंचफुलाबाई भाजीवालीला त्यानं तिच्याच टोपल्यांसमोर उकिडवं बसून तिची नक्कल दाखवली. ती हसता हसता वांग्यांवर पडली, पास. शालिकराम बँडमास्तर हसला नाही, उलट क्लॅरिनेट उगारून मागे धावला, तर तयार झालेली वीस मिनिटांची नक्कल लहानूनं सोडून दिली. गणपतीची मंडळं, कॉलेजची गॅदरिंगं, ऑर्केस्ट्रातली बाई साडी बदलून येईपर्यंतची दहा मिनिटं, असं करत करत तो दोन-दोन तास एकटा उभा राहायला लागला. आता दर शाळेच्या गॅदरिंगात एक पोट्टा लहानू भोयर होतो. त्या पोट्ट्यांनी पंचफुलाबाईला जन्मात पाहिलेलं नसतं, ते लहानूच्या पंचफुलाबाईची नक्कल करतात. आणि धंदा मंदा असला की खुद्द पंचफुलाबाई तिकीट काढून कार्यक्रमाला बसते आणि आपण कसं बोलतो ते नीट पाहून जाते. लहानूचं लग्न तेवढं राहून गेलं. तो मुलगी पाहायला गेला की मुलीचा बाप तोंडच उघडत नसे.

पास न झालेला एकच माणूस त्याच्या मनात सलत होता. रुपराव कॉर्पोरेशनच्या पाणीखात्यात होते. महालातल्या अकरा गल्ल्यांचं पाणी सोडायची लांब लोखंडी चावी त्यांच्या खांद्यावर असे. बाया, पुढारी, हॉटेलवाले सगळे त्यांच्या मागे मागे. पाणी किती वाजता येईल, आमच्या नळाले कमी काहून येते, दिवाळीत दोनदा सोडान का. रुपराव सगळ्यांना एकच उत्तर देत, "हूं." त्याचा अर्थ पाणी येईपर्यंत कोणाला कळत नसे. घरातही तेच. लहानूनं चार वेळा त्यांना त्यांचीच नक्कल दाखवली. चारही वेळा त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, "हूं" म्हणाले आणि आंघोळीला निघून गेले.

तर बरसीची जेवणं आटोपली, वडे-कढी-खिरीनं मंडळी सुस्तावली आणि समोरच्या खोलीत बैठक बसली. लहानूचं म्हणणं असं की मालक गेला, तर आता वारसांनी पास करावं. चंद्रभान, सिंधू, आत्या आणि आई, चौघं हसले तर रविवारी करायचं. चौघांतला एक जरी हसला नाही तर तो विषय पुन्हा काढणार नाही. आई, म्हणजे तुळसाबाई, स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली की तुमचं होऊ द्या, मले उरलेलं झाकून ठेवायचं आहे.

सिंधू पहिल्यापासून लहानूच्या बाजूनं होती. काटोलला तिच्या सासरी ग्रामोफोन होता, त्यावर माहेरचं काही वाजलं तर तिला हवंच होतं. आत्या विरुद्ध होती. मेलेल्या माणसाला स्टेजवर उभं करायचं म्हणजे त्याला धड जाऊ न देणं, असं तिचं मत होतं आणि कावळ्याच्या साक्षीनंही ते बदललं नव्हतं. चंद्रभाननं मात्र लहानूची अट लगेच कबूल केली, आणि सगळ्यांना नवल वाटलं.

त्यात नवल काही नव्हतं. आपण हसणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पंधराव्या वर्षापासून तो घरात हसला नव्हता. बाबा हसत नाहीत, बाबांना अकरा गल्ल्या भितात, आणि आपण थोरले आहोत, हे तिन्ही हिशेब त्यानं त्या वयात एकत्र केले आणि तेव्हापासून तोंड आवळून घेतलं. चेहरा तर बापाचाच होता, भुवयांसकट. कळमेश्वरच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर झाला तेव्हा त्यानं हूं म्हणायलाही सुरुवात केली. बाबांचं हूं उद्या स्टेजवर गेलं तर परवा कारखान्यात काय होईल, हे त्याला आताच दिसत होतं. लोक बाबांना नाही, त्याला हसणार होते.

लहानू उभा राहिला. छत्री खांद्यावर घेतली, ती चावी झाली. खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेला, आणि चालतानाच त्यानं बाबांच्या मागची सगळी गल्ली उभी केली. घागर आपटणारी, लाडीगोडी लावणारी, शाप देणारी. प्रत्येकीला हूं. पुढाऱ्याला हूं, कुत्र्याला हूं. सिंधू डोळे पुसत हसत होती. मग लहानू तिच्या लग्नाच्या बोलण्यांवर आला. समोर बसलेला तिचा सासरा, पोह्यांची थंड झालेली बशी, तीन तास आणि सतरा हूं. सिंधूचं हसू तिथंच थांबलं. सासरे अजून हयात होते, त्यांनी ही नक्कल पास केली नव्हती, आणि ग्रामोफोनही त्यांचाच होता. तिनं तिथल्या तिथं बाजू बदलली आणि हे सगळं बंद करा म्हणाली.

पण आता आत्याला बंद नको होतं. तिचं म्हणणं, पोराचं चुकते, तर चुकलेलं तसंच ठेवून कसं चालेल. तिच्या भावाचं हूं इतकं लांब नव्हतं. ती पदर खोचून उठली आणि रामटेकला लहानपणी गुरं वळताना तिचा दादा कसं म्हणायचा ते म्हणून दाखवलं. लहानू म्हणाला, ते बैलाले म्हणायचं आहे, माणसाले नाही. चंद्रभाननं हे सगळं ऐकून घेतलं असतं, तो घट्ट बसला होता. पण छत्री लहानूच्या उजव्या खांद्यावर होती आणि ते त्याला सहन होईना. बाबा चावी डाव्या खांद्यावर घेत, उजवा हात खिशातलं पाकीट सांभाळायला मोकळा असे. तो उठला, भावाच्या हातून छत्री घेतली आणि बरोबर कसं ते दाखवायला लागला. विरोधी पक्ष असा दहा मिनिटांत स्टेजवर आला. सिंधूलाही मग राहवेना. तापात तिच्या कपाळाला हात लावून बाबा म्हणत ते हूं कोणालाच माहीत नाही, म्हणून तिनं तेही केलं. बरसीच्या दुपारी एका खोलीत चार-चार रुपराव झाले आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना.

हे सारं स्वयंपाकघराच्या दारातून गोपिका पाहत होती. ती चंद्रभानची बायको. सुनेला मत नव्हतं, त्यामुळे ती तोंडात पदर कोंबून खुशाल हसत होती. हसता हसता तिच्या लक्षात आलं की यातलं एकही हूं ऐकून आपला हात डोक्यावरच्या पदराकडे गेला नाही. आणि तो जायचा. या घरात आल्यापासून कितीदा असं झालं होतं की मामंजी कामावर आहेत असं समजून ती मोकळ्या डोक्यानं वावरत असायची, आतून "हूं" यायचं, ती घाईनं पदर घ्यायची, आणि आत पाहिलं तर सासूबाई एकट्या भाजी निवडत बसलेल्या. तिला वाटायचं आपल्यालाच भास होतो. तिनं मागे वळून सासूकडे पाहिलं. तुळसाबाई कढीच्या पातेल्यावर ताट झाकत होत्या आणि कपाळावर आठ्या घालून बाहेरचं ऐकत होत्या.

"कोणालेच येत नाही," त्या म्हणाल्या. गोपिकाला म्हणाल्या की स्वतःला, ते कळलं नाही. मग हात पुसत त्या बाहेर गेल्या.

सगळ्यांना वाटलं आता बोलणी बसणार. चंद्रभाननं छत्री मिटली आणि मुकाट खुर्चीत बसला. तुळसाबाई म्हणाल्या, तुम्ही सगळे तोंडानं हूं म्हणून राहिले, ते पाठीनं म्हणत. एवढं बोलून त्या सगळ्यांकडे पाठ करून चटईवर बसल्या. एक गुडघा उभा घेतला. काही वेळ काहीच केलं नाही. मग मान जराशी, अगदी जराशी, डावीकडे वळली.

"हूं."

चंद्रभान खुर्चीतून उठून उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, आपण का उठलो हे त्याला उठल्यावर कळलं. आत्यानं पसरलेले पाय आखडून घेतले. दारात गोपिकाचा पदर डोक्यावर आला होता. लहानू तेवढा हलला नाही. त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि ते बंद करायची शुद्ध त्याला नव्हती. आपली कला आपण बडग्यापुढे शिकलो, असं तो दर मुलाखतीत सांगत आला होता.

तुळसाबाई थांबल्या नाहीत. भूक नसतानाचं हूं झालं. पगाराच्या दिवसाचं झालं. सून पसंत पडली पण सांगायचं नाही, ते झालं, आणि गोपिकाला पंधरा वर्षांनी कळलं की आपण पसंत होतो. हसता हसता आत्याला ठसका लागला. पाणी पिऊन सगळे शांत झाले तेव्हा सिंधूनं विचारलं, आई, हे तू बाबांना दाखवलं होतं का?

"रोज," तुळसाबाई म्हणाल्या. "तुम्ही शाळेत, कामावर गेले का. रोज हसत."

बाबा हसत, हे कोणाला खरंच वाटेना. चंद्रभाननं तर तसं बोलूनही दाखवलं, जरा रागानंच.

"तोंडानं नाही गा. नाकातून. नळाले पाणी यायच्या आधी हवा येते ना फुस् फुस्, तसं." मग त्या लहानूकडे वळल्या. "तुहं पाहून आंघोळीले काहून जात, वाटते तुले? दार लावून, नळ सोडून हसत. मले बाहेर ऐकू ये."

लहानूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार वेळा. चारही वेळा तो दाराबाहेर उभा राहून नळाचा आवाज ऐकत होता आणि आपल्याला काही जमत नाही असं समजत होता. पण तो धंद्याचा माणूस होता, डोळे पुसायच्या आधीच त्याचं डोकं चाललं. हसले म्हणजे पास झालं, असं तो म्हणाला.

"दार लावून हसला माणूस. ते पास नसते."

"मग तुहं मले दे आई. हे पाठीचं. रविवारी हे केलं तर रेकॉर्ड पक्की आहे. अठरा वर्षं याच्यासाठी गेले माह्ये."

"नाही देत."

"काहून?"

तुळसाबाईंनी चटईची निघालेली काडी पुन्हा विणीत खोचली. "तू बाहेर नेलं का ते लोकाईचं होऊन जाते. पंचफुलाले पाह्य. तिले आता तिचं बोलणं तुह्याकडून शिकावं लागते. मी सैपाक करता करता एक हूं म्हणली का मले वाटते, माणूस घरात आहे. उद्या गल्लीतला पोट्टा पोट्टा ते म्हणून राहीन. मग मी म्हणली तर ते कोणाचं राहीन?" मग म्हणाल्या, "पास माही झाली आहे, लहानू. तुही नाही झाली."

यावर वाद नव्हता. नियम बापाचा होता आणि तो लहानूनंच अठरा वर्षं लोकांना सांगितला होता. तुळसाबाई उठून आत गेल्या. लहानू म्हणाला, मुंबईच्या माणसाला उद्या तार करतो, नवं काही नाही म्हणून. हे बोलताना त्यानं कोणाचीही नक्कल केली नाही, स्वतःच्या साध्या आवाजात बोलला, आणि तो आवाज घरातल्यांना फार दिवसांत ऐकू आला नव्हता. सिंधू रडायलाच लागली. आत्या म्हणाली, वहिनी पहिल्यापासून अशीच हट्टी आहे, आणि आपण मघाशी काय म्हणत होतो ते साफ विसरली.

चंद्रभानला आता बरं वाटायला हवं होतं. सकाळपासून त्याला जे पाहिजे होतं तेच झालं होतं. पण भावाचं ते तोंड त्याला पाहवेना. तो खुर्चीच्या कडेवर सरकला, दोनदा घसा साफ केला.

"माही कर," तो म्हणाला.

लहानूला कळलं नाही. तुझी कसली, असं त्यानं विचारलं.

"कारखान्यात मी बाबासारखं हूं म्हणतो." चंद्रभान जमिनीकडे पाहत होता. "वीस वर्षं म्हणून राहिलो. कोणीच भीत नाही."

गोपिकानं दारातून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस तिला आज पहिल्यांदा बरा वाटला. लहानूनं काही विचारलं नाही, तयारीही केली नाही. तो उठला आणि त्यानं सुरू केलं, आणि सुरू होताच कळलं की ही नक्कल कितीतरी वर्षांची तयार आहे, भीतीनं आत ठेवलेली. चेहरा बापाचा, भुवया बापाच्या. टेबलामागे बसलेला स्टोअरकीपर समोरच्या हेल्परकडे बघतो, छाती भरून घेतो आणि म्हणतो, हूं. हेल्पर म्हणतो, काय म्हणलं साहेब? साहेब पुन्हा हूं. हेल्परला वाटतं साहेबाला खोकला झाला, तो पाणी आणतो. तिसरं हूं, तर शेजारच्या खात्यातून एकजण आल्याचा चहा घेऊन येतो. चौथ्याला सगळे मिळून साहेबाला दवाखान्यात न्यायची गाडी मागवतात. साहेब गाडीत बसतानाही हूं म्हणतो.

आत्या भिंतीला टेकून खाली सरकली होती. सिंधू रडता रडता हसायला लागली. पण पास करणारा एकच होता आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. चंद्रभाननं ठरवलं होतं, हसू आलं नाही तर खोटं हसायचं, भावासाठी एवढं करता येईल. त्यानं खोटं हसायला तोंड उघडलं. पण आल्याचा चहा खरंच आला होता, गेल्या पावसाळ्यात, आणि तो त्यानं प्यायलाही होता. ते आठवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं होतं तरी आवाज तोंडातून येईना. तो नाकातून आला, फुस् करून, मग थांबून आणखी एक, मग लागोपाठ दोन-तीन. इतकी वर्षं कोंडलेलं होतं, ते त्याला आवरेना.

स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज झाला.

तुळसाबाई दारात आल्या. पास झालं ना आई, असं लहानू विचारत होता, त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. चंद्रभान डोळे पुसत गप्प झाला. आता आई काय म्हणते या भीतीनं तो पुन्हा उठून उभा राहिला होता.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि दारातच त्याच्याकडे पाठ फिरवून खाली बसल्या. "आता पुन्हा हास."